रमाबाई रानडे : दुपारच्या वर्गातून घरं उभी करणाऱ्या बाई



थोर व्यक्तींच्या परिचयात आज रमाबाई रानडे यांचा पाठ घेऊ या. वर्गात हे नाव उच्चारलं की मुलांचा हमखास गोंधळ होतो. कुणी पंडिता रमाबाई म्हणतं, कुणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पत्नी रमाबाई म्हणतं, कुणी माधवराव पेशव्यांच्या रमाबाई सांगतं. म्हणून आधी फळ्यावर चारही नावं लिहून घ्यावीत आणि आपण कोणाविषयी बोलतोय ते स्पष्ट करावं. आपल्या पाठातल्या रमाबाई म्हणजे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी आणि पुण्याच्या सेवासदन संस्थेच्या संस्थापक.

पालकांना त्या आठवतात त्या बहुतेक ‘उंच माझा झोका’ या मालिकेमुळे. मालिका छान होती, पण तिच्यामुळे एक समज पक्का झाला. नवऱ्याने शिकवलेली बायको, एवढीच रमाबाईंची ओळख उरली. खरं पाहता त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम न्यायमूर्ती गेल्यानंतर सुरू झालं. शहरातल्या अडचणीत सापडलेल्या कुटुंबांना कशी मदत करायची, या प्रश्नाचं त्यांनी एक उत्तर शोधलं आणि ते पंधरा वर्षं राबवून दाखवलं. त्या उत्तराचा आपल्या सोलापूरशी संबंध आहे आणि आपल्या शाळेशीही आहे. तो शेवटी पाहू.

देवराष्ट्र्याची यमुना

रमाबाईंचं माहेरचं नाव यमुना. जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी देवराष्ट्रे या गावी झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात येतं. (यशवंतराव चव्हाणांचा जन्मही याच गावचा, १९१३चा. मुलांना नकाशात गाव शोधायला सांगितलं तर दोन पाठ एकत्र होतील.) वडील माधवराव कुर्लेकर. घर खातं-पितं, मानाचं. पण मुलींना शिकवायची रीत त्या घरात नव्हती. मुलीच्या हाती पाटी-पुस्तक आलं की घरावर संकट येतं, असं तेव्हा चांगल्या चांगल्या घरांतही मानलं जाई.

इथे मुलांना काळाची जाणीव द्यायला हवी. यमुनाच्या जन्माआधी चौदा वर्षं, म्हणजे १८४८ साली, पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा काढली होती. म्हणजे मुलींना शिकवता येतं हे सिद्ध झालेलं होतं. तरीही यमुना अकरा वर्षांची झाली तेव्हा तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं. शाळा निघाली म्हणजे ती लगेच प्रत्येक घरापर्यंत पोहोचते असं नसतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो परत लागेल.

लग्न आणि पहिला धडा

१८७३ साली महादेव गोविंद रानडे यांच्या पहिल्या पत्नीचं निधन झालं. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे, पुण्यात न्यायाधीश, आणि विधवाविवाहाच्या चळवळीतले एक प्रमुख. त्यांनी आता एखाद्या विधवेशी लग्न करून आपलं बोलणं खरं करून दाखवावं, अशी त्यांच्या मित्रांची अपेक्षा होती. त्यांच्या वडिलांना मात्र त्याचीच भीती होती. त्यांनी घाईघाईने स्थळ पाहिलं आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात अकरा वर्षांच्या यमुनेशी मुलाचं लग्न लावून दिलं. रानड्यांना हे पटलेलं नव्हतं, पण वडिलांची आज्ञा त्यांनी मोडली नाही. लोकांनी त्यांच्यावर खूप टीका केली.

हा भाग वर्गात गाळू नये असं मला वाटतं. मुलं विचारतात, सर, एवढे मोठे सुधारक आणि अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न? प्रश्न रास्त आहे. रानड्यांचं ते वागणं त्यांच्या विचारांशी जुळणारं नव्हतं, हे सरळ सांगावं. मोठ्या माणसांचंही सगळंच बरोबर असतं असं नाही, हे कळल्याने मुलांचा आदर कमी होत नाही. उलट पुढे त्या माणसाने काय केलं ते मुलं जास्त लक्ष देऊन ऐकतात.

पुढे त्यांनी केलं ते असं. यमुनेचं नाव सासरी रमा झालं. लग्न होऊन ती घरी आली त्याच दिवशी रानड्यांनी पाटी पुढे ठेवली आणि तिला स्वतःचं नाव लिहायला शिकवायला सुरुवात केली. नंतर रोज रात्री धडा सुरू झाला. मुळाक्षरं, बाराखडी, मग वाचन, अंकगणित, इतिहास-भूगोल. पुढे इंग्रजी. शिकवायला बाईही ठेवल्या. अकरा वर्षांची नवी नवरी दिवसभर सासूबाईंच्या हाताखाली कामं करायची आणि रात्री, झोप डोळ्यांवर आलेली असताना, अक्षरं गिरवायची.

एका घरात दोन शाळा

त्या घरात सावत्र सासूबाई, नणंद आणि आश्रयाला असलेल्या इतर बायका होत्या. रमाबाईंचं शिकणं यातल्या कुणालाच आवडत नव्हतं. नवऱ्यासमोर काय वाचायचं ते वाच, आमच्यापुढे नको, असा एकूण सूर. टोमणे, अबोला, मुद्दाम वाढवलेली कामं, हे सगळं झालं. न्यायाधीशाच्या घरात तक्रार तरी कोणाकडे करणार? नवऱ्याला सांगावं तर घरात भांडण, न सांगावं तर मनात कोंडमारा. रमाबाईंनी बहुतेक वेळा सोसलं आणि अभ्यास सोडला नाही. वडीलधाऱ्या बायकांचा मान ठेवायचा, त्यांना उलट उत्तर करायचं नाही, पण धडा चुकवायचा नाही, अशी दुहेरी कसरत त्यांनी कित्येक वर्षं केली.

या बायकांना खलनायिका करून सांगू नये, ही शिक्षकांना एक विनंती. त्याही त्याच चालीरीतींत वाढलेल्या होत्या. घरातली एक बाई शिकली तर बाकीच्यांची किंमत कमी होईल, ही भीती त्यांना असणारच. आणि या भांडणातूनच रमाबाईंना एक गोष्ट जवळून समजली, जी पुस्तकात मिळाली नसती. शिकू पाहणाऱ्या बाईला अक्षरं अवघड जात नाहीत. तिला अडवतात ती घरातली माणसं, घरातलं काम आणि लोकांचं बोलणं. वेळ कुठून काढायचा, बसायचं कुठे, घरचे काय म्हणतील, हे तिचे खरे प्रश्न असतात. पुढे सेवासदन उभं करताना त्यांना या समजुतीचा मोठा उपयोग झाला.

नाशिक, पुणे, मुंबई

१८७८ साली रानड्यांची बदली नाशिकला झाली. पहिल्यांदाच रमाबाईंच्या हाती स्वतंत्र संसार आला. लोकहितवादी गोपाळराव देशमुख तेव्हा नाशिकलाच होते. त्यांच्या घरच्या बायका आणि रमाबाई मिळून हळदीकुंकवाच्या निमित्ताने गावातल्या बायकांना बोलवू लागल्या. निमित्त हळदीकुंकवाचं, पण तिथे सीता-सावित्रीच्या गोष्टी वाचल्या जात आणि शिक्षणाच्या गोष्टी निघत. सभेला या म्हटलं असतं तर किती बायका आल्या असत्या? हळदीकुंकवाला मात्र घरून कोणी अडवत नाही. लोकांच्या रीतीतूनच नव्या कामाला वाट काढायची, ही रमाबाईंची हातोटी इथे पहिल्यांदा दिसते.

१८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाजाचं काम सुरू केलं. रमाबाई रानडे त्या सभांना जाऊ लागल्या. घरात पुन्हा वादळ. तरी त्या जात राहिल्या. याच काळात पुण्यात मुलींसाठी हायस्कूल हवं अशी मागणी जोर धरत होती. गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यापुढे ही मागणी मांडायची होती, आणि भर सभेत इंग्रजीत ती वाचून दाखवली रमाबाईंनी. लग्नाच्या वेळी एक अक्षर न येणारी मुलगी दहा वर्षांत इथवर आली होती. १८८४ साली ती शाळा सुरू झाली. तीच आजची हुजूरपागा. त्या दिवशी घरी परतल्यावर मात्र त्यांना कौतुक मिळालं नाही, बोलणीच खावी लागली.

१८९३ साली रानडे मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि बिऱ्हाड मुंबईला गेलं. तिथे रमाबाईंनी हिंदू लेडीज सोशल अँड लिटररी क्लब सुरू केला. नाव भारदस्त, काम साधं. बायकांना भाषा, सामान्यज्ञान, शिवणकाम, हस्तकाम शिकवायचे वर्ग. रानड्यांचे डोळे अधू होते, त्यामुळे त्यांना वाचून दाखवायचं कामही रमाबाई करत. वर्तमानपत्रं, पुस्तकं, पत्रं. शिकवणारा आणि शिकणारी यांच्या जागा काही प्रमाणात बदलल्या होत्या.

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्तींचं निधन झालं. रमाबाई तेव्हा एकोणचाळिसाव्या वर्षात होत्या.

वैधव्य आणि नवी वाट

त्या पुण्याच्या वाड्यात परत आल्या. पहिलं वर्ष जवळजवळ कुणातच मिसळल्या नाहीत. त्या काळी उच्चवर्णीय विधवेने सार्वजनिक आयुष्यात दिसणं हाच अपराध समजला जाई. घर होतं, पैसा होता, मान होता. पूजाअर्चा करत उरलेलं आयुष्य काढलं असतं तर कुणी नाव ठेवलं नसतं. उलट चांगलंच म्हटलं असतं.

त्या बाहेर पडल्या त्या येरवड्याच्या तुरुंगात जाण्यासाठी. तिथल्या स्त्री कैद्यांना भेटायचं, त्यांच्याशी बोलायचं, काही वाचून दाखवायचं, असा त्यांचा नेम झाला. इस्पितळातल्या रुग्णांकडे फळं-फुलं घेऊन जायच्या. सुधारगृहातल्या मुलांना सणासुदीला खाऊ न्यायच्या. आळंदीच्या यात्रेत येणाऱ्या बायकांच्या मदतीलाही त्या पुढे स्वयंसेविका घेऊन जात. १९०४ साली मुंबईत भारत महिला परिषद भरली, तिच्या अध्यक्षस्थानी रमाबाई होत्या.

या भेटींमध्ये त्यांना शहराचं एक वेगळं रूप दिसलं असणार. १८९६पासून प्लेगच्या साथी येत होत्या, दुष्काळ येऊन गेले होते. कमावता पुरुष गेला की घर कसं बघता बघता कोसळतं, हे त्या वर्षांत शहराशहरांत दिसत होतं. गावी निदान भाऊबंद असतात. शहरातल्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या बाईला कोण? दोन मुलं पदरात, हातात कला नाही, अक्षरओळख नाही. अशा घराला आपण काय देऊ शकतो? धान्य दिलं तर महिनाभर पुरेल. पुढे काय?

सेवासदन कसं चालायचं

१९०८ साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडूमल यांनी मुंबईत सेवासदन स्थापन केलं आणि अध्यक्षपद रमाबाईंना दिलं. पुढच्याच वर्षी, १९०९ साली, पुण्यात सेवासदन सुरू झालं ते रमाबाईंच्या स्वतःच्या वाड्यात. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे या कामाचे दुसरे खांब. पैसे जमवणं, पत्रव्यवहार, व्यवस्था हे देवधर पाहत. बायकांचा विश्वास मिळवणं हे काम रमाबाईंचं.

इथे आपण शिक्षकांनी थोडं थांबून संस्थेची रचना पाहावी, कारण तिच्यात आपल्याला शिकण्यासारखं खूप आहे.

पहिली गोष्ट वेळ. प्रौढ स्त्रियांचे वर्ग दुपारी भरत. सकाळचा स्वयंपाक, जेवणं, भांडी उरकली की संध्याकाळच्या चुलीपर्यंतचा जो काळ बाईच्या हातात उरतो, तोच शाळेचा काळ. बाईने घर सोडून शाळेच्या वेळेला यावं, अशी अट नव्हती. शाळेनेच बाईच्या वेळेला उघडायचं ठरवलं.

दुसरी गोष्ट जागा. वर्ग भरत ते न्यायमूर्ती रानड्यांच्या वाड्यात. सासरच्यांना सांगताना बाईला संस्थेचं नाव सांगावं लागत नसे. रमाबाईंकडे जाते म्हटलं की पुरे. एका प्रतिष्ठित विधवेच्या घरी जायला कोण नाही म्हणणार? रमाबाईंनी आपला मान असा दुसऱ्यांच्या उपयोगी आणला.

तिसरी गोष्ट विषय. लेखन-वाचन, हिशेब, इंग्रजी हे तर होतंच. त्याच्या जोडीला शिवण, विणकाम-भरतकाम, गायन, आरोग्य, प्रथमोपचार. म्हणजे घरातल्या बाईला आज उपयोगी पडेल आणि उद्या गरज पडली तर दोन पैसे मिळवून देईल, अशी जोडी. जिला फक्त पत्र वाचायला शिकायचं असेल तिलाही जागा, जिला पोट भरायचं असेल तिलाही.

चौथी गोष्ट म्हणजे पुढची पायरी. नुसते छंदवर्ग चालवून रमाबाई थांबल्या नाहीत. स्त्री-शिक्षिका तयार करणारं अध्यापन विद्यालय सेवासदनने चालवलं. ससून रुग्णालयाच्या मदतीने परिचारिकांचं शिक्षण सुरू केलं, त्यासाठी मुलींचं वसतिगृह काढलं. आज नर्सिंग हा मानाचा पेशा आहे, त्यामुळे यात धाडस काय होतं ते मुलांना कळत नाही. समजावून सांगावं लागतं. कुठल्याही जातीच्या रोग्याला हात लावायचा, परक्या पुरुषाची शुश्रूषा करायची, रात्रपाळीला घराबाहेर राहायचं. तेव्हाच्या पांढरपेशा समाजात हे ऐकूनच लोक कानांवर हात ठेवत. त्यात शिकणाऱ्यांत विधवा मुली. लोक वाट्टेल ते बोलले. रमाबाई ऐकून घेत आणि वसतिगृहातल्या मुलींच्या पाठीशी उभ्या राहत. त्यांचं स्वतःचं चारित्र्य आणि वय हीच त्या मुलींची ढाल होती.

याचा परिणाम काय झाला तो हिशेबाने पाहा. एक विधवा परिचारिका झाली की तिची मुलं शाळेत जाऊ लागतात. एक शिक्षिका तयार झाली की ती वर्षाला चाळीस-पन्नास मुलींना शिकवते. म्हणजे मदत एका बाईला केली आणि ती पोहोचली कित्येक घरांत. १९२४ साली रमाबाई गेल्या तेव्हा पुणे सेवासदनात शिकणाऱ्या मुली-स्त्रियांची संख्या हजाराच्या वर गेलेली होती, आणि पुण्याबाहेर अनेक गावांत शाखा निघाल्या होत्या.

चूल, मूल आणि मत

१९१० साली रमाबाईंचं ‘आमच्या आयुष्यातील कांहीं आठवणी’ हे पुस्तक निघालं. गोपाळ कृष्ण गोखल्यांची त्याला प्रस्तावना आहे. मराठीतल्या स्त्रियांच्या आत्मकथनांत ते फार वरच्या जागी ठेवलं जातं. विशेष म्हणजे त्यात न्यायमूर्ती गेल्यानंतरच्या स्वतःच्या कामाची कहाणी त्यांनी सांगितलेली नाही. आठवणी पतीच्या जाण्यापाशी थांबतात. स्वतःचं मोठेपण लिहावं असं त्यांना वाटलं नसावं. म्हणूनच ते आपल्याला सांगावं लागतं.

रमाबाई स्वभावाने सौम्य, पण प्रसंगी ठाम. १९२०च्या सुमारास पुण्यात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न आला. नगरपालिकेकडे पैसे कमी, तर आधी मुलांना सक्ती करू, मुलींचं मागाहून पाहू, असं अनेक पुढाऱ्यांचं म्हणणं पडलं. कारण वरवर व्यवहाराचं होतं. पण मागाहून म्हणजे कधी, हे बायकांना ठाऊक होतं. रमाबाईंनी स्त्रियांच्या सभा घेतल्या, आणि पुण्याच्या रस्त्यावरून स्त्रियांचा मोर्चा निघाला त्यात त्या पुढे होत्या. साठीला आलेल्या, सोवळं पाळणाऱ्या घरातल्या विधवेने मोर्चात चालणं ही त्या काळी केवढी गोष्ट होती!

स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळावा म्हणूनही त्यांनी काम केलं. १९२१ साली मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाने तो मान्य केला, अर्थात मालमत्तेच्या अटीसह. १९२४ साली रमाबाईंचं निधन झालं. जन्मशताब्दीला, १९६२ साली, भारत सरकारने त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं.

काय राहून गेलं आणि सोलापूर

कौतुक करताना मर्यादाही सांगायला हव्यात. सेवासदनचं दार सर्व जाती-धर्मांना उघडं होतं. तरी सुरुवातीच्या काळात तिथे येणाऱ्या बहुतेक पांढरपेशा घरांतल्या होत्या. कारण उघड आहे. दुपारची दोन घटका मोकळीक ही सगळ्याच बायकांना नसते. गिरणीत पाळी करणाऱ्या बाईची दुपार गिरणीची असते. त्या घरांसाठी काम करायला वेगळी माणसं पुढे आली. १९११ साली नारायण मल्हार जोशी यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली आणि कामगार वस्तीत रात्रशाळा, वाचनालयं, दवाखाने असं काम उभं केलं. जोशीही आधी शिक्षकच होते बरं का! दोन्ही कामं शेजारी ठेवून पाहिली की कळतं, प्रत्येकाने आपापल्या माणसांचं घड्याळ ओळखलं होतं. रमाबाईंचा वर्ग दुपारी, जोशींची शाळा रात्री.

आता आपल्या गावाकडे येऊ. पुण्याबाहेर सेवासदनचं काम जिथे जिथे पोहोचलं त्यात सोलापूर आहे. सेवासदन हे नाव सोलापूरकरांना मुलींच्या शाळेमुळे चांगलं ओळखीचं आहे. रोज त्या नावाखालून जाणाऱ्या किती जणांना त्यामागची बाई माहीत असेल? मुलांना हा धागा जोडून दिला की पुस्तकातल्या रमाबाई एकदम आपल्या गावातल्या होतात.

सोलापूर हे मुळात कष्टकऱ्यांचं शहर. १८७७ साली इथे पहिली कापड गिरणी, आपली जुनी मिल, सुरू झाली आणि आजूबाजूच्या मुलखातून माणसं पोटासाठी येत गेली. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार भाषा आपल्या एकाच वर्गात बसतात त्या यामुळे. पुढे गिरण्या बंद पडल्या. पुरुषांचं काम गेलं तेव्हा कित्येक घरं तगली ती बायकांच्या हातांवर. पूर्वभागात आजही दारात बसून बिड्या वळणाऱ्या आया दिसतात. शिलाई मशीनवर गणवेश शिवणाऱ्या आया आहेत. राज्यभरच्या मुलांच्या अंगावरचे गणवेश या शहरात शिवले जातात.

आणि आपण पालकसभा कधी ठेवतो? बहुतेक शाळांत शाळेच्या वेळेत. मग हजेरी कमी पडली की आपण म्हणतो, पालकांना मुलांची काळजीच नाही. सुपात पान-तंबाखू घेऊन बसलेल्या बाईला मोजून बिड्या द्यायच्या असतात. ती उठली की तेवढी मजुरी बुडाली. तिला काळजी नाही असं म्हणण्याआधी तिचं घड्याळ आपण पाहिलंय का? रमाबाईंनी सगळ्यात आधी तेच पाहिलं असतं. सभा संध्याकाळी सात वाजता, गल्लीतल्या देवळात किंवा एखाद्या पालकाच्या ओट्यावर घेतली तर? पत्रक मराठीबरोबर तेलुगूत वाचून दाखवलं तर? हळदीकुंकवाच्या दिवशी आयांना शाळेत बोलावून आठवड्यातून दोन दिवस सही-हिशेबाचा वर्ग सुरू केला तर? यातल्या कशालाच मोठा निधी लागत नाही.

एक मात्र खरं, की हे सगळं शिक्षकाच्या वेळेतूनच जातं आणि आपल्यावरही आधीच कामांचा ढीग आहे. म्हणून सगळ्यांनी सगळं करावं असं म्हणणं नाही. वर्षात एक सभा जरी आयांच्या वेळेला घेतली, तरी या पाठाचं काहीतरी झालं असं म्हणता येईल.

वर्गात घेण्यासाठी

इयत्ता सहावी ते आठवीसाठी हे प्रश्न आणि उपक्रम घेता येतील.

१. रमाबाईंच्या शिक्षणाला घरातल्या स्त्रियांनी विरोध का केला असेल? तुमच्या शब्दांत सात-आठ ओळी लिहा.

२. सेवासदनचे प्रौढ स्त्रियांचे वर्ग दुपारी का भरत? वेळ बदलली असती तर काय झालं असतं?

३. धान्याची मदत आणि कामाचं शिक्षण यांत काय फरक आहे? कोणत्या प्रसंगी कोणती मदत आधी हवी? गटात चर्चा करा. (पूर आला, आग लागली तर आधी धान्यच हवं, हे मुलांकडूनच येऊ द्यावं.)

४. मुलींच्या सक्तीच्या शिक्षणाचं मागाहून पाहू, असं म्हणणाऱ्यांना तुम्ही काय उत्तर दिलं असतं?

५. उपक्रम : आपल्या आईचं किंवा आजीचं दिवसभराचं वेळापत्रक तिला विचारून लिहा. सकाळी किती वाजता उठते, कोणतं काम किती वेळ चालतं, तिला स्वतःसाठी मोकळा वेळ कधी मिळतो, ते नोंदवा. त्या वेळात तिला काही शिकायला मिळालं तर काय शिकायला आवडेल, हेही विचारा.

पाचवा उपक्रम टाळू नका. पालकांनीही मुलाला नीट उत्तरं द्यावीत, काय करायचंय तुला असं म्हणून उडवून लावू नये. वह्या गोळा झाल्या की शिक्षकांनी एकदा सगळ्या वेळापत्रकांवरून नजर फिरवावी. पुढची पालकसभा किती वाजता ठेवायची, ते त्या वह्यांतच लिहिलेलं असेल.